गुप्तचर संस्थांचा इतिहासकार व्हायचंय? आधी फायली वाचायला शिका

इतिहासात एमए मग पीएचडी हा रस्ता नेहमीचाच, त्यासोबत रशियन किंवा जर्मन शिकाच, अनुवादावर फार काळ भागत नाही. खरा कस लागतो अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात. एमआय५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या जुन्या फायली लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये केव्ही सिरीजमध्ये मिळतात, परदेशात हेरगिरी करणारी ब्रिटनची एमआय६ मात्र आपल्या फायली देतच नाही, मग तिचा माग परराष्ट्र खात्याच्या कागदांतून काढावा लागतो आणि मला विचाराल तर हेच काम सगळ्यात भारी. सीआयएची एक कोटीहून जास्त पानं २०१७ पासून ऑनलाइन आहेत, तिथून घरबसल्या सुरुवात करा.

वाचताना एक पक्कं ठेवा, फाईलमध्ये लिहिलंय म्हणजे तसंच घडलं असं नाही, खबऱ्या पैशासाठी काहीही सांगतो, अधिकारी साहेबाला आवडेल तेच लिहितो, म्हणून प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कागदाशी ताडून बघा. ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकाळातल्या गुप्त केंद्रात जर्मन कोड फोडले जायचे हे साधारण १९७४ पर्यंत सामान्य लोकांना माहीतच नव्हतं, ते कळल्यावर दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास पुन्हा तपासावा लागला! निवृत्त हेरांच्या मुलाखती घ्या, पण कागद वाचून झाल्यावरच. या विषयाच्या नोकऱ्या मोजक्याच, त्यामुळे युद्धाचा किंवा परराष्ट्र धोरणाचा इतिहासही शिकवता येईल इतकी तयारी ठेवा.