एका कामातून दुसऱ्या कामात जाताना डोक्याला सांधा बदलायला किती वेळ लागतो? पत्त्यांचा कॅट काढा आणि घरीच मोजा

नवरात्रात बडोद्यात गरब्याला गेलात की एक बघा, दोन टाळ्यांचा चालू असतो, मग ढोल बदलून तीन टाळ्या सुरू होतात आणि पहिल्या फेरीत बऱ्याच जणांचे हात चुकतात, वर्षानुवर्षं खेळणारे पण. तीन टाळ्या सगळ्यांना येतात हो, पण हातातून दोन टाळ्या अजून उतरलेल्या नसतात. मेंदूवाले एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याला टास्क स्विचिंग म्हणतात आणि जुनं थोपवण्याला रिस्पॉन्स इनहिबिशन. दोन्ही घरी अनुभवता येतं.

कॅटमधून गुलाम, राणी, राजा काढून टाका, चाळीस पत्ते उरतील. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. पहिला डाव रंगाचा, लाल डावीकडे, काळा उजवीकडे. दुसरा डाव आकड्याचा, सम डावीकडे, विषम उजवीकडे, एक्का म्हणजे एक. तिसऱ्यात एक पत्ता रंगाने, पुढचा आकड्याने, असं आलटून पालटून. प्रत्येक डावाआधी पत्ते नीट पिसा, आणि चुका मोजायला शेजारी कोणीतरी बसवा.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचीला बसवलं होतं, दहावीत आहे. पहिले दोन डाव सपासप. तिसऱ्यात इस्पिकची नव्वी आली की पटकन जायची कारण रंग आणि आकडा दोन्ही उजवीकडेच नेतात, पण किलवरची अठ्ठी आली की पत्ता हवेतच, रंग म्हणतो उजवीकडे, आकडा म्हणतो डावीकडे, आणि ती विचारते, "मावशी, आत्ता काय चालू होतं?" बस, हेच बघायचं होतं.

आता हिशोब. समजा ३४ आणि ४० सेकंद लागले, सरासरी ३७, आणि तिसऱ्याला ६१, म्हणजे २४ जास्त, पत्त्यामागे ०.६ सेकंद. यात दोन नियम डोक्यात धरून ठेवायचा खर्च पण आला. म्हणून १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी दोनदा एक काम, दोनदा दुसरं असा क्रम ठेवला, म्हणजे बदलाची वेळ आणि तेच काम परत करायची वेळ शेजारी शेजारी मिळते. तयारीला वेळ दिला तर खर्च कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

थांबण्यासाठी दुसरा खेळ. सेकंदाला एक पत्ता उलटा, प्रत्येकाला टेबलावर टपली मारा, फक्त सत्तीला मारायची नाही. चाळीसात चारच सत्त्या, त्यामुळे हात सवयीने जातोच. याहून अवघड म्हणजे हात निघाल्यावर कोणी "थांब" ओरडणं. लोगन आणि कोवान यांनी १९८४ मध्ये ही शर्यत म्हणून मांडली, करणं आणि थांबणं दोघं धावतात, जो आधी पोचेल तो जिंकतो. निरोगी मोठ्या माणसाला थांबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणून हाक उशिरा आली की हात पडलाच समजा. एमआरआयमध्ये तेव्हा कपाळाच्या उजव्या बाजूचा खालचा भाग, डोक्याच्या मध्यावरचा, हालचालींची आखणी करणारा प्री-एसएमए आणि खोल आतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस यांचं काम वाढलेलं दिसतं. त्या उजव्या भागाला इजा झालेल्या लोकांना थांबायला जास्त वेळ लागतो हे २००३ मध्ये दिसलं, आणि मला हा पुरावा नुसत्या रंगीत चित्रांपेक्षा जास्त पटतो.

आपल्यासारख्या घरात मराठी आणि पोळाबाहेर, म्हणजे आपल्या गल्लीबाहेर, गुजराती बोलणाऱ्यांसाठी खास गोष्ट. १९९९ मध्ये म्यूटर आणि ऑलपोर्ट यांना दिसलं की कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत परत यायला जास्त वेळ लागतो, उलट नाही! त्यांचं म्हणणं, कच्ची बोलताना पक्कीला जोरात दाबावं लागतं आणि ते दाबणं लगेच सुटत नाही. दोन्ही सारख्याच पक्क्या असतील तर हा फरक पुसट होतो.

अभ्यासात एवढं करा. गणित सोडून इतिहास घेताना वहीत एक ओळ लिहा, कुठे थांबलो आणि पुढची पायरी कोणती, मग उठा, पाणी प्या, आणि पहिली पाच मिनिटं सोपं वाचन ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पत्त्यांचे डाव रोज खेळून अभ्यास सुधारेल असं मात्र धरू नका, सराव झाला की बहुतेक त्याच खेळात हात बसतो. आणि या आकड्यांवरून मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे की नाही ते अजिबात ठरवू नका, शंका असेल तर डॉक्टरांकडे जा. पुन्हा मोजायचं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, झोप झालेली असताना, आणि या वेळी आकड्याचा डाव आधी घ्या.