व्हॅलेन्सियाचा पाएया आणि त्याच्या गावची वाइन

पाएया हा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, पसरट पॅनमध्ये शिजवलेला भात. हॉटेलांतल्या पाएयात कोळंबी, शिंपल्या, चिकन सगळे एकत्र नांदतात. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात मात्र कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचे मोठे पांढरे पावटे. कांदा नाही. अल्बुफेरा सरोवराकाठच्या भातशेतीतला हा पदार्थ, तेव्हा शेतावर मिळेल ते त्यात पडले.

चार जणांना ४०० ग्रॅम तांदूळ पुरतो. बोंबा जातीचा आखूड, जाड दाणा तिप्पट पाणी पिऊनही फुटत नाही. तो नसेल तर अर्बोरियो चालवून घ्या; बासमती नको, आंबेमोहोरही नको, गोळा होतो. तांदूळ धुवायचा नाही. पॅन पसरट आणि उथळ हवा.

ऑलिव्ह तेलात मीठ लावलेले कोंबडीचे तुकडे मध्यम आचेवर चांगले तांबूस होऊ द्या. इथे घाई केली तर पुढे रस्सा पाणचट लागतो. मग घेवड्याच्या शेंगा, त्यांवर एक किसलेला टोमॅटो. तो आटून गडद झाला की चमचाभर गोड पाप्रिका, म्हणजे तिखट नसलेली लाल मिरचीपूड, घाला आणि लगेच पाणी ओता. पाप्रिका क्षणात करपते आणि कडू होते. पाणी दीड लिटर. भिजवून उकडलेले पावटे आणि केशर घालून अर्धा तास उकळू द्या. चव घ्या: रस्सा किंचित खारट लागायला हवा, भात ते मीठ ओढून घेतो.

आता तांदूळ सगळीकडे सारखा पसरा आणि डाव बाजूला ठेवून द्या. यापुढे ढवळणे बंद. आठ-दहा मिनिटे मोठी आच, तेवढीच मंद. घरच्या गॅसची धग कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून पॅनच थोडा थोडा फिरवत राहा. वर रोझमेरीची काडी. पाणी आटले की शेवटचे मिनिटभर आच वाढवा. तडतड ऐकू येईल, खमंग वास सुटेल, तेव्हा तळाशी सोकाराट, म्हणजे खरवड, धरलेली असते. धुराचा वास यायच्या आत गॅस बंद. पाच मिनिटे मुरू द्या. खरवडीवरून भांडणे होतात, ती होऊ द्यावीत.

वाइनसाठी फार लांब जायला नको. व्हॅलेन्सियाच्या आतल्या पठारावर उतिएल-रेकेना भागात बोबाल द्राक्ष पिकते, त्याची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, थंडगार करून घ्या. तिचा आंबटपणा तेल कापतो आणि टोमॅटोशी जुळतो. ओकच्या पिंपात मुरलेली भारदस्त रेड केशराला गिळून टाकते. आपल्याकडे नाशिकची ड्राय रोझे बघा, गोडसर नको.

हाच शेजारधर्म इतर प्रांतांतही चालतो: गॅलिसियात ऑक्टोपसबरोबर आल्बारिन्यो ही व्हाइट वाइन, दक्षिणेच्या सानलुकारला तळलेल्या मासळीबरोबर मान्सानिया ही ड्राय शेरी. आस्तुरियासमध्ये तर वाइन सोडून सफरचंदाची सायडर.

पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीपूड वापरणार असाल तर अर्धाच चमचा. तिखट वाढले की जास्त अल्कोहोलची वाइन ते आणखी चढवते.