मल्टिकास्ट एका इंटरफेसवरून दुसऱ्यावर न्यायचंय? आधी टीटीएल बघा

लिनक्स गेटवेवर (दोन नेटवर्क जोडणाऱ्या मशीनवर) आयपी फॉरवर्ड ही सेटिंग १ केली की साधं ट्रॅफिक पलीकडे जायला लागतं, मग मल्टिकास्टपण (एकाच ग्रुप पत्त्यावर पाठवलेलं, बरेच जण घेतात ते ट्रॅफिक) जाईल असं वाटतं, पण नाही जात. त्याचं राउटिंग टेबलच वेगळं असतं आणि ते भरायला डेमन, म्हणजे मागे चालू राहणारा प्रोग्रॅम, लागतो. एमसी-फॉरवर्डिंग नावाची सेटिंग दिसते खरी, पण ती हाताने बदलत नाही, डेमन सुरू झाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच ती १ करतो, तेव्हा तिच्या नादी लागू नका.

दोन-चार ठरलेल्या स्ट्रीम असतील तर एसएमसीराउट हा डेमन घ्या. आयपीटीव्हीसारखं कोणी चॅनल लावतंय कोणी सोडतंय असं असेल तर आयजीएमपीप्रॉक्सी, आणि बरेच राउटर असतील तर पिमडी. पण एका वेळी एकच हां, दुसरा चालूच होत नाही.

समजा कॅमेऱ्याची स्ट्रीम ईटीएच० या इंटरफेसवर येतेय, ग्रुप २३९.१.१.१, आणि ती ईटीएच१ वर हवीय. एसएमसीराउटच्या कॉन्फिगमध्ये दोन ओळी टाकायच्या. एमराउटच्या ओळीत कुठून, कुठला ग्रुप, कुठे ते सांगायचं, हे सगळे करतात. एमग्रुपची ओळ मात्र लोक विसरतात, आणि तीच गेटवेला ग्रुपमध्ये जॉइन करते, ती नसेल तर स्नूपिंगवाला स्विच (कोण ग्रुपमध्ये आहे ते बघून त्यालाच स्ट्रीम देणारा) तुमच्या पोर्टवर स्ट्रीम पाठवतच नाही.

एवढं करूनही पलीकडे काही दिसलं नाही तर लगेच कॉन्फिग उकरू नका, प्रॉकमधल्या नेट फोल्डरमध्ये आयपी-एमआर-कॅश नावाची फाइल आहे ती दर दोन सेकंदांनी बघत बसा. पॅकेटचा आकडा वाढतोय पण ईटीएच१ वर टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारं टूल) गप्प? मग टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) नाहीतर फायरवॉल. मल्टिकास्ट पाठवणाऱ्याचा टीटीएल मुळातच १ असतो, म्हणजे पॅकेट गेटवेपाशीच संपतं आणि लॉगमध्ये एक अक्षर येत नाही (माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या). पाठवणाऱ्या ॲपमध्ये टीटीएल वाढवा, तिथे जमत नसेल तर आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) मँगल टेबलमध्ये प्रीराउटिंगला वाढवा, फॉरवर्ड चेनमध्ये नको कारण टीटीएलचा चेक त्याच्या आधीच होऊन जातो. फॉरवर्ड चेनमध्ये मात्र त्या ग्रुपला परवानगी हवीच.

उलटं झालं, म्हणजे ईटीएच० वर टीसीपीडंपला पॅकेट दिसतायत पण कॅशचा आकडा ढिम्म, तर बहुतेक आरपी-फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य इंटरफेसवरून आलं का ते तपासणारी सेटिंग. कॅमेऱ्याच्या आयपीचा रूट ईटीएच० वरून नसेल तर कर्नल पॅकेट आल्या आल्या फेकून देतो. रूट टाका किंवा फिल्टर २ करा, आणि 'ऑल'ची व्हॅल्यूपण तपासा, 'ऑल' आणि इंटरफेस या दोन्हींतली मोठी असते तीच लागू होते.

आणि २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते असतील तर हे सगळं सोडाच, ते राउट होतच नाहीत. प्रिंटर शोधणारं एमडीएनएस २२४.०.०.२५१ वर चालतं, त्याला अवाही या प्रोग्रॅमचा रिफ्लेक्टर चालू करा, पाच मिनिटांचं काम आहे.