एक्स११, वेलँड की विंडोज, कोण काय बघू देतं ते स्वतःच तपासा

एक्स११ आणि वेलँड म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या आणि माउस-कीबोर्डचे इव्हेंट पोचवणाऱ्या दोन यंत्रणा, जुनी आणि नवी. नुसती तुलना वाचण्यापेक्षा करून बघा. लिनक्सवर टर्मिनलमधे एक्सआइज (xeyes) चालवा, दोन डोळे येतील, आता माउस बाकीच्या अ‍ॅप्सवर फिरवा. डोळे सगळीकडे मागे येत असतील तर सेशन एक्स११ आहे, आणि काही विंडोंवर गेलं की थांबत असतील तर वेलँड, कारण तिथे कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, इव्हेंट फक्त ज्या विंडोवर माउस किंवा फोकस आहे तिलाच देतो.

आता खरी गोष्ट. एक्स११ वर एक्सइनपुटला टेस्ट-एक्सआय२ आणि रूट हे ऑप्शन द्या (xinput test-xi2 --root) आणि दुसऱ्याच विंडोत काहीतरी टाइप करा, प्रत्येक की तिथे उमटते, अ‍ॅडमिन हक्क लागतच नाहीत! म्हणजे कुठलंही अ‍ॅप तुमचा पासवर्ड वाचू शकतं. हे डिझाइन १९८७ चं आहे, तेव्हा सगळे प्रोग्राम विश्वासातले धरले होते, पण आज हे चालणार नाही, म्हणून मी तरी वेलँडच घ्या म्हणेन. स्क्रीनशॉटसुद्धा तिथे पोर्टल नावाच्या मध्यस्थ सेवेमार्फत, परवानगी घेऊन.

मेमरीसारखे रिसोर्सेस कोण किती वापरतं ते बघायला एक्सरेसटॉप (xrestop) चालवा, एक्स११ मधे पिक्समॅप, म्हणजे मेमरीत ठेवलेली चित्रं, एक्स सर्व्हरकडे असतात, कोणतं अ‍ॅप किती अडवून बसलंय ते दिसतं. वेलँडमधे चित्र ठेवायची मेमरी, म्हणजे बफर, अ‍ॅपच स्वतः बनवतं.

विंडोजवर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधे जीडीआय ऑब्जेक्ट्सचा (विंडोजमधे चित्र काढायला लागणारे पेन, फॉन्ट, बिटमॅप वगैरे) कॉलम लावा, एका प्रोसेसला डीफॉल्ट मर्यादा १०,००० ची, आकडा सतत चढत असेल तर लीक समजा, म्हणजे प्रोग्राम घेतलेलं परत सोडत नाहीये.