पश्चात्ताप करताना या चुका टाळा

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या लहानशा मंडळीत बाप्तिस्म्याआधीचा वर्ग मी घेतो. माणसं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी माझ्या डोक्यात जाणारी चूक. "प्रभू, मी महापापी आहे," एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. शब्द इतका मोठा आहे की त्याच्याआड अख्खा माणूस लपतो. असं म्हणणाऱ्याला हळूच विचारून बघा, "म्हणजे नेमकं काय केलंस रे भाऊ?" लगेच कपाळावर आठी. महापापी म्हणायला काही लागत नाही. "मी भावाच्या बांधावरची दोन लिंबाची झाडं परस्पर विकली," हे म्हणताना जीभ जड होते.

हे मी वरून बोलत नाही. विशीत असताना मी कापसाच्या खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच माल घेतो तिथे, वजनकाट्यावर होतो. गाठोडं आकड्याला अडकवलं की काटा थोडा वेळ हलत राहतो. तो थांबायच्या आतच आकडा ओरडायचा, ही माझी कला. साडेचाळीस भरलं तर "चाळीस!" लिहिणारा लिहून घ्यायचा, शेतकरी दुसरं गाठोडं उचलायला वळलेला असायचा. मालकाला हे माहीत होतं आणि दिवाळीला माझ्या हातावर काहीतरी ठेवलं जायचं.

मग एका संध्याकाळच्या सभेत माझं मन हेलावलं. गुडघे टेकले, ढसाढसा रडलो, महापापी म्हणालो. सगळ्यांनी आमेन म्हटलं, दोघांनी मिठी मारली. सोमवारी पुन्हा काट्यावर हजर. त्या दिवशी काटा थांबू दिला, याचाच मोठा अभिमान वाटत होता. गावात काही लपत नाही. नेहमी आमच्याकडे माल घालणारे एक म्हातारे बाबा माझं रडणं ऐकून होते. बिडी विझवत म्हणाले, "भाऊ, तू देवले सांगं. माले कव्हय सांगशी?" म्हणजे, देवाला सांगितलंस, मला कधी सांगणार?

मी हसून वेळ मारून नेली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

बायबलातल्या गणना 5:7 मध्ये सरळ व्यवहार सांगितला आहे: केलेलं पाप कबूल करायचं, ज्याचं नुकसान केलं त्याला पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा. मी वही काढली. बाबांचा त्या हंगामाचा कापूस वीस क्विंटल, म्हणजे चाळीस किलोची पन्नास गाठोडी. गाठोड्यामागे अर्धा किलो, म्हणजे पंचवीस किलो. वर पाचवा हिस्सा पाच. तीस किलोचे पैसे त्या वर्षीच्या भावाने मोजून त्यांच्या ओट्यावर नेऊन दिले. माफ केलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. नोटा दोनदा मोजल्या, बंडीच्या खिशात घातल्या आणि पुढच्या वर्षी कापूस दुसऱ्याच्या काट्यावर नेला. बरोबरच केलं. आपण कबुली दिली म्हणून समोरच्याने गळ्यात पडावं, हा कुठला हिशोब? बाकीच्यांचे पैसे फेडायला मला पुढची तीन वर्षं लागली.

इथे कोणी ना कोणी दावीद राजाला पुढे करतोच. स्तोत्र 51 मध्ये तो म्हणतो ना, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं? मग माणसाकडे कशाला जायचं? अरे, ज्याची बायको दाविदाने घेतली तो उरीया तोवर मेलेला होता, आणि तोही दाविदानेच मारवलेला. मग दावीद कोणाच्या ओट्यावर जाणार? तुझा उरीया मागच्या गल्लीत जिवंत आहे, रोज दुधाला जातो. जकातदार जक्कयाचं बघा. लूक 19 मध्ये तो उभा राहतो आणि आकडा सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतलेलं चौपट परत.

दुसरी लाडकी चूक म्हणजे ‘पण’. "चुकलं माझं, पण तिनेच आधी तोंड सोडलं." शौल राजाचं असंच झालं. शत्रूची जनावरंसुद्धा राखू नकोस, असं देवाने शमुवेल संदेष्ट्याकरवी त्याला बजावलं होतं. 1 शमुवेल 15 मध्ये मेंढरांचं बें बें कानावर येतंय आणि हा सांगतोय की लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. शेवटी पाप केलं म्हणतो, पण त्याच दमात शमुवेलाला विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. उरीयाच्या खुनाबद्दल नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं तेव्हा दावीद काय म्हणाला? "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे." संपलं. माझी सवय अशी: प्रार्थनेत ‘पण’ आला की तिथेच थांबायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. कधीकधी चार-चार वेळा करावी लागते. गुडघे दुखतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा, असं समजू नका. काहींचे डोळे कोरडेच असतात आणि पैसे मात्र वेळेवर परत येतात. प्रार्थनेच्या नावाखाली सुनेचं पाप कबूल करू नका. जुन्या पापाची साक्ष देताना त्याला तिखट-मीठ लावू नका. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांसाठी पापं साठवून ठेवू नका. आणि एकदा कबूल केलेलं, फेडलेलं पुन्हा पुन्हा उकरू नका. 1 योहान 1:9 पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडू नका: कबूल केलं की देव क्षमा करतो आणि शुद्धही करतो.

हो, आणि सगळंच सगळ्यांसमोर सांगायचं नसतं. एका पोराने भर उपासनेत एका मुलीचं नाव घेऊन मनातले विचार कबूल केले. त्याचं ओझं उतरलं, ती पोरगी सहा महिने चर्चला आली नाही. पाप जेवढ्यांना माहीत किंवा जेवढ्यांना लागलं, तेवढ्यांतच कबुली. मनातलं असेल तर देवाला, फार तर पाळकांना.

नव्या पोरांना घाई फार. शुक्रवारी रडले की रविवारी साक्षीला माईक हवा. मी देत नाही. आधी वहीत तीन रकाने पाडून आणायला सांगतो: काय, कोणाचं, किती. शिव्या दिल्या असतील तर तिसरा रकाना रिकामा चालेल, पण दुसऱ्यात नाव हवंच. त्या नावासमोर जाऊन आल्याची खूण झाली की मग माईकचं बघू. बरेच जण वही घेऊन जातात ते परत येत नाहीत. जे येतात त्यांना बहुतेक माईक नकोच असतो.

प्रभुभोजनाच्या रविवारी घंटा झाल्यावर दारात अडवून "दादा, पाच मिनिटं बोलायचंय" म्हणू नका. शनिवारी या. सातनंतर मी घरीच असतो.