वाळूजला घर बघताय? आधी तिथला कामधंदा बघा
छत्रपती संभाजीनगरला बदली झालीय आणि बजाजनगर-वाळूजकडे घर शोधताय तर फ्लॅटच्या आधी एमआयडीसी बघा. 1985 ला बजाज ऑटोचा प्लांट आला, मागोमाग सुटे भाग बनवणारे व्हेंडर आले, त्यामुळे गाड्यांची मागणी घटली की आधी ओव्हरटाइम बंद, मग कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांना ब्रेक, मग मेस, किराणा, रूमभाडं सगळंच ढिलं पडतं. म्हणून शिफ्ट सुटायच्या वेळी चक्कर मारा, किराणावाल्याला विचारा उधारी किती तुंबलीय, 'रूम भाड्याने देणे आहे' चे बोर्ड किती जुने झालेत ते बघा, एजंट हे सांगणार नाही. दोघंही नोकरीवाले असाल आणि एकाची नोकरी शेंद्र्याला असेल तर शेंद्रा ही शहराची दुसरी एमआयडीसी पार दुसऱ्या टोकाला, जालना रोडवर आहे हे धरूनच हिशोब करा. आणि पहिलं वर्ष भाड्यानेच रहा प्लीज.