शॉक डोसनंतर पाणी हिरवं झालं तर : नव्या पूल ऑपरेटरसाठी

बोअरच्या पाण्याने पूल भरला, तळ लख्ख दिसत होता, आणि क्लोरीनचा शॉक डोस (एकदम मोठी मात्रा) दिल्यावर तासाभरात पाणी हिरवट किंवा तपकिरी झालं, तर शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओतू नका. शेवाळ तासाभरात वाढत नाही. हा रंग पाण्यात विरघळलेल्या धातूचा असतो. या कामात नवीन माणसाचा सर्वांत जास्त वेळ आणि केमिकल इथेच वाया जातं.

फरक ओळखायला सोपा आहे. शेवाळाने पाणी गढूळ होतं, भिंती बुळबुळीत लागतात, क्लोरीनचं रीडिंग शून्याजवळ असतं. धातू असेल तर पाणी रंगीत असूनही सुरुवातीला आरपार दिसतं, भिंतीला बुळबुळ नसते आणि क्लोरीन बऱ्यापैकी टिकून असतं. हिरवट-पिवळा ते तपकिरी रंग लोहाचा, निळसर-हिरवा तांब्याचा, काळपट किंवा जांभळट मँगनीजचा.

जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून लोह तिथे रंगहीन, विरघळलेल्या रूपात राहतं. क्लोरीन लागताच त्याचं ऑक्सिडेशन होऊन गंजाचे बारीक कण तयार होतात. १ मिलिग्रॅम लोह साधारण ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खातं, मँगनीज त्याच्या दुप्पट, म्हणजे १.३ मिलिग्रॅमच्या आसपास. मँगनीजचं काम सावकाश चालतं, त्यामुळे त्याचा रंग कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतो. शिवाय ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीज ओटीओ आणि डीपीडी या क्लोरीन मोजायच्या दोन्ही टेस्टमध्ये क्लोरीनसारखाच रंग देतं. डोस न देताही क्लोरीन भरपूर दिसत असेल, तर त्या रीडिंगवर विसंबू नका.

नवीन पाणी पूलमध्ये सोडण्याआधी बादलीत तपासा. पांढऱ्या बादलीत २० लिटर पाणी घ्या, त्यात १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन २ मिली टाका, ढवळा आणि रात्रभर ठेवा. हा १० पीपीएमचा (लिटरमागे १० मिलिग्रॅम) डोस झाला. रंग आला किंवा तळाला तांबूस गाळ बसला, तर धातू आहे. टँकरचं पाणी घेत असाल तर हे दर टँकरला करा, कारण प्रत्येक फेरीचं पाणी एकाच विहिरीचं असेल याची खात्री नसते. जांभ्या दगडात लोह भरपूर असतं, म्हणून कोकणात आणि गोव्यात बोअरचं पाणी तपासल्याशिवाय सोडूच नये. आकडा हवा असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, खाजगीही आहेत. बोअर ५-१० मिनिटं चालवून मग बाटली काठोकाठ भरा आणि लगेच बूच लावा. हवा शिरली तर लोह बाटलीतच खाली बसतं आणि रिपोर्ट खोटा येतो. पूलमध्ये लोह आणि तांबं प्रत्येकी ०.२ पीपीएमच्या आत ठेवायचं, मँगनीज जवळपास शून्य.

रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्याची वाफ होते, धातू मागे राहतो. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूल धरा. त्यात सुमारे १ लाख लिटर पाणी बसतं. उन्हाळ्यात रोज ७ मिलिमीटर पाणी उडालं तर ५०० लिटर भरावं लागतं. त्या पाण्यात ०.८ पीपीएम लोह असेल तर रोज ४०० मिलिग्रॅम आत जातं आणि दोन महिन्यांत पूलमधलं लोह ०.२४ पीपीएमने वाढतं. मे अखेरीस टाइल्सच्या सांध्यांवर तांबूस रेघा दिसतात त्या यातूनच.

तांबं मात्र बहुतेक वेळा आपल्याच हाताने येतं. शेवाळासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) मुठीने टाकायची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. मोरचुदाचा साधारण चौथा भाग तांबं असतो. वरच्याच १ लाख लिटरच्या पूलमध्ये १०० ग्रॅम मोरचूद म्हणजे ०.२५ पीपीएम तांबं, मर्यादा एका डोसातच ओलांडली. १ किलो टाकलं तर २.५ पीपीएम. ते वापरून संपत नाही, साचत जातं. सोनेरी किंवा पांढरे केस हिरवट होतात तेही तांब्यामुळे, दोष उगाच क्लोरीनला दिला जातो. तांब्याचा दुसरा उगम हीटर. जुन्या हीटरची कॉइल तांब्याची असते आणि पीएच ७ च्या खाली गेला की ती झिजते. टीसीसीए (आम्लधर्मी क्लोरीनच्या) गोळ्या स्किमरमध्ये (पूलच्या कडेला वरचं पाणी ओढणाऱ्या खणात) ठेवल्या तर पंप बंद असताना तिथे तीव्र आम्लधर्मी पाणी साचतं, आणि पंप सुरू होताच ते सरळ हीटरमध्ये जातं. गोळ्यांचा फीडर पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच्या लाइनवर, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) देऊन बसवा.

लोह काढायचं तर आधी ते पूर्णपणे गंजाच्या कणांच्या रूपात बाहेर येऊ द्या. क्लोरीन ३ ते ५ पीपीएमवर ठेवून २४ तास फिल्टर चालवा आणि प्रेशर वाढेल तसं बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) करा. बाहेर जाणारं पाणी निवळेपर्यंत बॅकवॉश, मग मिनिटभर रिन्स (सरळ प्रवाहाने धुऊन पाणी बाहेर सोडणं), नाहीतर उरलेला गंज परत पूलमध्ये येतो. सँड फिल्टरमधून निसटणाऱ्या बारीक कणांसाठी तुरटी. पीएच ७.२ ते ७.५ आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) किमान ८० पीपीएम हवी, कारण तुरटी स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मी अल्कलिनिटी खाते. पीएच जास्त असला तर तुरटीचं ॲल्युमिनियम विरघळून राहतं आणि मागाहून पाणी पांढुरकं होतं. १ लाख लिटरला ३ किलो तुरटी बादलीत विरघळवून पूलभर फिरवा. फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर (पाणी फिल्टरमध्ये न जाता फिरतं) ठेवून दोन तास पंप चालवा, मग बंद करा. फिल्टर मोडवर ठेवलं तर चिकट गाळाने वाळूचे गोळे होतात. रात्रभर कोणी पाण्यात उतरू नये. सकाळी व्हॅक्यूम वेस्टवर (पाणी फिल्टरमध्ये न जाता सरळ बाहेर) लावून अगदी सावकाश ओढा, घाई केली की गाळ पुन्हा उठतो. चार-पाच हजार लिटर पाणी जाईल, ते गृहीत धरा.

डागांचं गणित वेगळं. पातळ मोज्यात ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर बांधून डागावर दोन मिनिटं दाबा. डाग फिकट झाला तर बहुधा लोह. काहीच फरक पडला नाही पण क्लोरीनने गेला, तर तो पाल्यापाचोळ्याचा. ॲस्कॉर्बिक आणि क्लोरीन कधीही एकत्र घेऊ नका, मोजे वेगळे ठेवा. लोहाचे डाग सगळीकडे असतील तर क्लोरीन जवळपास शून्यावर येऊ द्या, पूल पोहणाऱ्यांसाठी बंद ठेवा आणि १ लाख लिटरला १.२ किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड कडेकडेने पसरवा. डाग काही तासांत जातात, पण लोह पुन्हा पाण्यात विरघळलेलं असतं. त्याच दिवशी एचईडीपी प्रकारचा सीक्वेस्ट्रंट (धातूला विरघळलेल्या रूपातच धरून ठेवणारं रसायन) द्या, मात्रा लेबलप्रमाणे. नंतर क्लोरीन हळूहळू चढवा. १.२ किलो ॲस्कॉर्बिक सुमारे ४.८ पीपीएम क्लोरीन खातं, म्हणून पहिले काही डोस गायब झाल्यासारखे वाटतील. १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन १ लिटर म्हणजे इथे १ पीपीएम, एकावेळी तेवढंच. इथे शॉक दिला तर डाग परत बसलेच.

सीक्वेस्ट्रंट धातू काढत नाही, धरून ठेवतो. क्लोरीनमुळे तो तुटतो आणि त्यातून फॉस्फेट उरतं, म्हणून वेळोवेळी थोडा टॉप-अप लागतो. तुरटी आणि सीक्वेस्ट्रंट एकाच वेळी वापरू नका, दोघांचं काम एकमेकांविरुद्ध आहे. पाण्याचा स्रोतच लोहयुक्त असेल, तर भरण्याच्या लाइनवर आयर्न रिमूव्हल फिल्टर बसवणं जास्त शहाणपणाचं. सोसायटीच्या कमिटीला खर्च मोठा वाटेल, त्यांना वर्षभराच्या केमिकलची बिलं दाखवा.

तांब्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पाणी बदलणं. अर्धं पाणी बदललं की तांबं अर्धं होतं, भरायच्या पाण्यात तांबं नसेल तर. १ पीपीएमवरून ०.२५ वर यायला दोन वेळा अर्धा पूल उपसावा लागतो. पावसाळ्यात मात्र जमिनीत बांधलेला पूल पूर्ण रिकामा करू नका. भूजल वर आलेलं असतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तिला तडे जातात. तळाशी हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (खालून दाब आला की भूजल आत घेणारा) आहे का आणि तो चालतो का, हे बघूनच उपसायला घ्या. शंका असेल तर एकावेळी तिसरा भाग बदला.